सणाची कर : खाडा की सुट्टी?



परवा पावसला जायचे म्हणून पूर्णगडच्या एस.टी. थांब्यावर उभा होतो. शेजारी वरच्या वाडीतल्या एक काकू येऊन टेकल्या. टोपलीत अळूच्या जुड्या आणि चेहऱ्यावर राग. काकू वर्षानुवर्षे लोकांच्या शेतात लावणीला, बेणणीला, कापणीला जातात. आंब्याच्या दिवसांत बागेत पेट्या भरायला जातात. मी सहज विचारले, "काय काकू, गणपती कसे झाले?"

"गणपती झाले छान. पण मालकाने दोन दिवसांचा खाडा लावला."

"दोन दिवसांचा?"

"एक चतुर्थीचा, एक दुसऱ्या दिवसाचा. चतुर्थीचा लावला त्याचे काही नाही हो. पण दुसऱ्या दिवशी आमचा दीड दिवसाचा गणपती जायचा. त्या दिवशी सकाळी शेतात या म्हणून निरोप. गेले नाही, तर पैसे कापले नि वर बोलणी खाल्ली ती वेगळीच. भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता. खरे सांगा, सणाच्या दुसऱ्या दिवशी माणसाला सुट्टी असते की नसते?"

एवढ्यात गाडी आली आणि प्रश्न तिथेच राहिला. पण पावसला जाऊन परत येईपर्यंत तो काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचा मजकूर त्याच प्रश्नावर.

आपल्या वाचकांत दोन्ही बाजूंची माणसे आहेत, हे मला ठाऊक आहे. कुणाच्या घरी गडी येतो, तर कुणी दुसऱ्याच्या शेतावर जातो. आणि आमच्या कोकणात तर पुष्कळदा एकच घर दोन्हीकडे असते. स्वतःचे दहा गुंठे भात लावून होते न होते तो घरधनीण दुसऱ्याच्या मळ्यात उतरते, आणि तिच्याच घरी काजू काढायला आणखी कुणी मजुरीवर येते. तेव्हा हा प्रश्न मालकाचा की मजुराचा, असा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. तो आपल्या घरातलाच प्रश्न आहे.

आधी सरकारी उत्तर सांगून टाकतो. ते लहान आहे.

सरकार दरवर्षी सुट्ट्यांची यादी काढते. तिचे मूळ १८८१ सालच्या परक्राम्य संलेख अधिनियमात आहे. नाव अवघड असले तरी हा कायदा हुंड्या नि चेक यांचा. पैसे चुकते करायचा दिवस सुट्टीच्या दिवशी आला तर काय करायचे, हे ठरवायला मुळात सुट्टी कोणती ते ठाऊक पाहिजे, म्हणून यादी. ती कचेऱ्यांना नि बँकांना लागते. त्याखेरीज जिल्हाधिकाऱ्यांना वर्षात तीन स्थानिक सुट्ट्या देता येतात. पण ही यादी भिंतीवर लागली म्हणजे बागवाल्याला, होडीवाल्याला, दुकानदाराला आपोआप बंधनकारक झाली, असे नाही. पुष्कळांचा तसा समज असतो. कॅलेंडरवर लाल आकडा आहे म्हणून मजुरी मिळेल, या भरवशावर कुणी राहू नये.

दुकाने आणि आस्थापना यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१७ सालचा कायदा आहे. त्यात कामगाराला वर्षाच्या आठ भरपगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवायच्या, आणि त्याही वर्ष सुरू होण्याआधी. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. पण हा कायदा लहान दुकानांना पुरता लागत नाही, आणि शेताच्या बांधावर तर तो येतच नाही. काकू शेतातल्या. तेव्हा कायद्याचे पुस्तक उघडून काकूंना उत्तर द्यायचे तर ते 'नाही' असेच द्यावे लागेल.

मात्र त्या सरकारी यादीत एक गंमत आहे. होळीची सुट्टी तिच्यात 'होळी (दुसरा दिवस)' अशीच छापलेली असते. होळी पेटते रात्री आणि सुट्टी मिळते दुसऱ्या दिवशी! म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी माणूस कामाच्या उपयोगाचा नसतो, हे मुंबईला बसून यादी करणाऱ्यांनाही कळलेले आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवसाला मात्र त्या यादीत जागा नाही.

आता आपले घरचे उत्तर पाहू. ते कायद्याहून जुने आहे.

सणाच्या दुसऱ्या दिवसाला आपल्या भाषेत स्वतंत्र नाव आहे. 'कर'. संक्रांतीची कर, शिमग्याची कर, घाटावर पोळ्याची कर. पंचांगवाले त्याला करिदिन म्हणतात आणि त्या दिवशी शुभकार्य करू नये असे सांगतात. संक्रांतीच्या करीला किंक्रांत म्हणतात. देवीने त्या दिवशी किंकरासुराला मारले, अशी कथा आजी सांगत असे. आजीच्या लेखी किंक्रांतीला नवे काम काढायचे नाही, लांबचा प्रवास करायचा नाही आणि कुणाशी भांडायचे नाही. पुष्कळ घरांत सणाचे गोडधोड आदल्या दिवशी आणि वशाट करीला, अशी वाटणी असते.

आता, त्या दिवशी काम काढले तर खरोखर काही अशुभ घडते का, या वादात मी पडत नाही. ज्याचा विश्वास असेल त्याने ठेवावा. मला त्या रिवाजात दिसते ते निराळेच. रात्रभर जागलेल्या, जड जेवलेल्या, पाहुण्यारावळ्यांच्या उठबशीने दमलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला जुंपू नये. हे 'करू नका' म्हणून सांगितले तर मालक ऐकेल असे नाही. 'अशुभ आहे' म्हटले की मालकही हात आवरतो! ज्या कुणी हे बसवले, त्याला मालक लोकांचा स्वभाव चांगला माहीत असावा.

बैलाच्या बाबतीत तर आपण फारच उदार. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी, पोळ्याला पुरणपोळी, त्या दिवशी जू नाही. इकडे ऋषीपंचमीला, म्हणजे बरोबर गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, बायका बैलाच्या कष्टाचे अन्न खात नाहीत. नांगरटीचे धान्य चालत नाही; परसातली, हाताने खणून लावलेली भाजी चालते. किती सुंदर रिवाज आहे पाहा. त्याच दिवशी काकूंना मात्र बेणणीला यायचा निरोप गेला होता. बैलाला करीचा मान आणि काकूंना खाडा!

(आणि आणखी एक. बैलाचे कष्ट नकोत म्हणून ऋषीची भाजी करायची, तर अळू, भेंडी, भोपळा, सुरण, कणसे असे सतरा जिन्नस गोळा करून, चिरून, शिजवून घालायचे कष्ट कुणाचे? आमच्या घरी हा प्रश्न विचारला गेला आहे. उत्तर मी अजून दिलेले नाही.)

हे सगळे मी आज शहाण्यासारखे लिहितो आहे. पण मला हे शहाणपण कसे आले, तेही सांगितले पाहिजे. ते सांगताना मला बरे वाटत नाही.

१९८४ सालचा शिमगा. मी तिशीत होतो. वडिलांनी नुकताच बागेचा कारभार माझ्याकडे दिला होता आणि मला तो वडिलांहून चांगला करून दाखवायचा होता. आमच्याकडे तेव्हा जवळच्या गावचा एक गडी होता. माझ्याहून पाचसात वर्षांनी मोठा. तो मूळचा गिरणीतला, साचेखात्यातला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो माणसे कोकणात आपापल्या गावी येऊन बसली, त्यांतलाच तो एक. वर्ष गेले, दुसरे गेले. गिरणीचा भोंगा काही त्याच्यासाठी पुन्हा वाजला नाही. मग तो बागेत येऊ लागला.

त्या वर्षी आमच्या काही झाडांना आंबा लवकर तयार झाला होता. मार्चमधला आंबा म्हणजे काय, ते बागवाल्यांना सांगायला नको. पहिल्या पेटीला जो भाव असतो तो पुढे महिनाभराने स्वप्नातही दिसत नाही. होमाच्या रात्री मी त्याला म्हटले, "उद्या पहाटे ये. वरच्या चार झाडांची काढणी करून टाकू."

तो म्हणाला, "उद्या नको हो भाऊ. रात्रभर पालखी नाचवायची. डोळ्याला डोळा लागायचा नाय. परवा उजाडायच्या आत येतो."

मी म्हटले, "मग उद्याचा खाडा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग जे बोलला ते मला अजून शब्दन् शब्द आठवते. "गिरणीत पण खाडा होता, भाऊ. आपण गेलो नाय तर आपला साचा बदलीवाल्याच्या हातात. पण तिथे सुट्टी कधी ते भितीवर लावलेले असायचे. इथे सकाळी तुमची हाक येईल तो कायदा."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आला. डोळे लाल, अंगाला गुलाल तसाच. झेला घेऊन झाडावर चढला. दोन झाडे झाली. तिसऱ्या झाडावरून तो खाली आला तो फांदीसकट. मनगट मोडले, कमरेला मार बसला. दोन महिने तो अंथरुणावर होता आणि तो सगळा हंगाम त्याच्या हातचा गेला.

औषधपाण्याचा खर्च आम्ही केला. वडील म्हणाले, दोन महिन्यांची मजुरीही दे. मी म्हटले, औषधाचे केले तेवढे पुष्कळ झाले. मी ती मजुरी दिली नाही. आज देईन म्हटले तर घ्यायला तो नाही.

आणि त्या दिवशी काढलेल्या आंब्याचे काय झाले? पेट्या भरून पडवीत ठेवल्या. ट्रक आलाच नाही. ट्रकवाल्याच्या गावीही शिमगा होता! आंबा गेला तो तिसऱ्या दिवशीच, म्हणजे तो 'परवा येतो' म्हणाला होता त्याच दिवशी.

बागेत, शेतात आणि होडीवर काम करणाऱ्या माणसाची गोष्ट कचेरीतल्या माणसासारखी नाही, हे मला त्या दिवशी कळले. कारकून सणाच्या दुसऱ्या दिवशी पेंगत आला तर फार तर बेरीज चुकेल. पेंगलेला माणूस झाडावर चढला, हातात कोयती घेतली, किंवा मुचकुंदीच्या मुखाशी भरतीच्या पाण्यात होडी काढली, तर चुकीला खोडरबर नाही. फवारणीचे औषध कालवतानाही तेच. तेव्हा करीची सुट्टी ही मालकाने गड्यावर केलेली मेहेरबानी आहे, असे मी समजत नाही. धारदार कोयतीला मूठ नीट बसवून देतो, तितकीच ती साधी काळजी आहे.

आता कुणी म्हणेल, सुट्टी हवी तर त्याने घ्यावी, पैसे कशाला? हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे आठवड्याची सुट्टीसुद्धा आभाळातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या गिरण्यांतली माणसे कुठली? पुष्कळशी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातली. म्हणजे सुट्टीसाठी झालेल्या त्या सभांतून आपले आजे-पणजे बसले असतील. त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज बागांचे मालक आहेत आणि गड्याने दुसरा दिवस मागितला की कपाळाला आठ्या घालतात. नुसती सुट्टी आणि भरपगारी सुट्टी यांत फरक आहे, हे ज्याच्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्यालाच कळते. सणाला आधीच उधारी झालेली असते. वर दोन खाडे पडले की गौरीच्या ओवशाचे सामान वाण्याकडे तसेच राहते.

साहेबाच्या देशातले एक उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. इंग्लंडात नाताळचा सण २५ डिसेंबरला. त्या दिवशी मोठ्या घरांतून जेवणावळी. म्हणजे स्वयंपाकी, नोकर, मोलकरणी यांना काम दुप्पट. त्यांना स्वतःचा नाताळ कधी? तर दुसऱ्या दिवशी. २६ डिसेंबरला मालक त्यांना पेटीत घालून काही भेट द्यायचे आणि घरी जाऊ द्यायचे. 'बॉक्सिंग डे' हे नाव त्या पेटीवरून पडले असे सांगतात; मुष्टियुद्धाशी त्याचा संबंध नाही. पुढे १८७१ मध्ये तिथे बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा झाला, त्यात हा दिवस घातला गेला. आज तो तिथल्या सगळ्यांचाच सुट्टीचा दिवस आहे. त्याच्या मुळाशी गोष्ट अशी की ज्यांनी सणाच्या दिवशी दुसऱ्याचे ताट वाढले, त्यांचा सण दुसऱ्या दिवशी.

हे वाचून मालकिणींनी आपल्या घरात पाहावे. गौरी-गणपतीला घरी पंचवीस पाने उठतात. भांडी घासायला, अंगण सारवायला येणारी बाई त्या दिवशी येते, सकाळी येते आणि संध्याकाळीही येते. आपण तिला पातळ देतो, मोदक देतो, सगळे खरे. पण तिच्या घरच्या देवापुढे त्या दिवशी दिवा कुणी लावला, हे आपण विचारले आहे का? तिला दुसरा दिवस पूर्ण मिळाला पाहिजे, आणि पैसे न कापता. त्या दिवशी खरकटी भांडी आपण घासावीत. मुंबईहून आलेले चाकरमानी पुतणे-भाचे असतातच. नाहीतरी ते पत्ते खेळत बसलेले असतात.

चाकरमान्यांचा विषय निघालाच, तर तेही या दुसऱ्या दिवसाच्या कात्रीत सापडलेले आहेत. दीड दिवसाचा गणपती संध्याकाळी पोचवायचा आणि रात्रीच्या गाडीला बसायचे. गाडीतून उतरून पिशवी हातात धरूनच कामावर हजर. 'सुट्टीच्या आधी नि नंतर हजर असाल तरच सुट्टीचा पगार' अशी अट काही ठिकाणी असते. आपल्या मुलाला मुंबईच्या मालकाने असे वागवले तर आपण चडफडतो. गावातल्या गड्याला आपण काय सांगतो, ते तेव्हा आठवत नाही.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही.

भात थांबत नाही. दिवाळीत हळवे भात कापून शेतात पसरलेले असते आणि नेमके त्याच वेळी आभाळ येते. गाईला पाडवा कळत नाही, तिला धार वेळेवर हवी. बाग माकडांवर सोपवून शिमग्याला जाता येत नाही. होडीला वारा-पाणी पाहून निघावे लागते. हे सगळे मान्य. यासाठी सरसकट 'दुसऱ्या दिवशी कुलूप' असा नियम मी सांगणार नाही. ज्याची गरज आहे त्याला त्या दिवशी बोलवा. पण आठ दिवस आधी सांगा, पाळी लावा, एकाच माणसाला दरवर्षी धरू नका, आणि आला तर त्याला दुप्पट मजुरी द्या नाहीतर बदली दिवस द्या. अचानक पाऊस आला तर गोष्ट वेगळी. त्या वेळी हाक मारावी लागत नाही. ज्याला वर्षभर माणसासारखे वागवले तो हाकेआधीच विळा घेऊन येतो, हे मी पाहिले आहे. आणि झाडावर चढायचे, औषध मारायचे काम मात्र करीला काढूच नये. आमच्याकडे १९८५ पासून ते बंद आहे.

खर्चाचे म्हणाल, तर हिशोब मांडून पाहा. समजा तुमच्याकडे नेमाने येणारी चार माणसे आहेत आणि मजुरी पाचशे रुपये आहे. शिमगा, गणपती, दिवाळी, संक्रांत या चार सणांचा दुसरा दिवस भरपगारी दिला तर वर्षाला आठ हजार रुपये होतात. हंगामाच्या तोंडाच्या दोनतीन पेट्या धरा. चार दिवसांसाठी कुणी चांगला गडी सोडून दुसऱ्याकडे जात नाही हे खरे. पण चार दिवसांच्या कुरकुरीने जातो, हेही खरे. आणि आज चांगला झाडावर चढणारा माणूस मिळवायला किती हिंडावे लागते, ते बागवाल्यांना ठाऊक आहे.

यात एक अडचण येते, ती कोकणातल्यांनाच कळेल. दुसरा दिवस कुठला धरायचा? कुणाच्या गावचे शिमगे तेरसे, तर कुणाचे भद्रेचे. एका गड्याचा होम त्रयोदशीला लागतो, दुसऱ्याचा पौर्णिमेला. पालखी दारात येणार तो दिवस आणखी वेगळा. कुणाचा गणपती दीड दिवसांचा, कुणाचा गौरीबरोबर जाणारा. आमच्या खाडीकाठी मुसलमान बांधव आहेत, त्यांची ईद चंद्रावर. म्हणजे एकच तारीख सगळ्यांना लावून चालायचे नाही. दुकानांच्या कायद्यातल्या त्या चार सुट्ट्या मला म्हणूनच आवडतात. त्या आपसांत बसून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या आहेत. कायदा आपल्याला लागू नसला म्हणून त्यातली चांगली रीत उचलायला कुणाची बंदी नाही.

आम्ही दसऱ्याला ते करतो. शस्त्रे-अवजारे धुऊन पुजून झाली की पडवीत सगळे बसतात. नवे कॅलेंडर तेव्हा आलेले नसते, म्हणून वहीच्या पानावर लिहितो. प्रत्येकाने आपले चार दिवस सांगायचे. कुणी सणाचा दिवस सांगतो, पण बहुतेक जण दुसराच दिवस मागतात. कारण सणाच्या दिवशी नाहीतरी कुणी बोलावत नाही. मारामारी असते ती दुसऱ्या दिवसाची. मग जानेवारीत कॅलेंडर आले की त्यावर खुणा करून ते पडवीत खिळ्याला लावतो. भिंतीवर. गिरणीत असायचे तसे.

बायकांचे दिवस त्यांना स्वतःला सांगू द्यावेत, त्यांच्या नवऱ्यांनी सांगू नयेत, एवढे अनुभवाने शिकलो. पहिल्या वर्षी एका गड्याने आपल्या बायकोसाठी धुळवड सांगितली. तिला हवी होती भाऊबीज.

बागेचा आमचा रखवालदार नेपाळचा आहे. रत्नागिरीच्या बागांतून नेपाळची पुष्कळ माणसे आता असतात. बहुतेक दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. त्याला विचारले, तुझे दिवस कोणते? त्याचा मोठा सण दसईं, तो घरी उरकूनच तो आलेला असतो. पुष्कळ आढेवेढे घेऊन म्हणाला, "माघे संक्रांती." चौकशी केली तर तो आपलाच संक्रांतीचा सण निघाला. त्या दिवशी त्यांच्याकडेही तीळ नि गूळ खातात, कंद उकडून खातात. गेल्या संक्रांतीला घरून त्याला तिळाचे लाडू पाठवले, तर दुसऱ्या दिवशी, म्हणजे किंक्रांतीला, त्याने बागेतल्या खोपीत कणगे उकडून आम्हा सगळ्यांना बोलावले. मोहोरावर फवारणीचे दिवस होते. पंप त्या दिवशी खोपीच्या कुडाला टेकून उभा होता.

काकूंच्या मालकांचे नाव मी इथे लिहिलेले नाही. ते चांगले गृहस्थ आहेत आणि हे साप्ताहिक त्यांच्या घरी नेमाने जाते. दिवाळी आता लांब नाही. काकूंना भाऊबिजेला गावखडीला भावाकडे जायचे आहे, आणि त्या दिवसांत त्यांच्याकडे भात कापणीला असेल. काकूंना मी थांब्यावर पुन्हा भेटणार आहे, आणि त्या मला विचारणार आहेत.